पंधरा मिलिमीटरचे मराठे

लक्ष्मीकांत फणसे यांनी आपल्या होऊ घातलेल्या व्याह्यांना थाप मारली, ती केवळ शांतता सहन न झाल्यामुळे. नाहीतर माणूस तसा सरळ. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सुरक्षा विभागात होते, आणि तिथे यंत्रांचा आवाज अचानक थांबला की काहीतरी बिनसलंय असं समजून सगळ्यांनी धावायचं असतं. ही सवय घरीही सुटली नव्हती. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तरी ते पेपर टाकून उठत.

त्या दिवशी देवश्रीच्या लग्नाच्या बोलणीतला पहिला व्हिडिओ कॉल होता. देवश्री आणि सौमित्र यांचं आपसांत केव्हाच ठरलं होतं. राहिली होती ती दोन्हीकडच्या थोरांनी एकमेकांना पसंत करण्याची औपचारिकता, आणि बरीच लग्नं नेमकी तिथेच अडकतात. बडोद्यातल्या हरणीच्या फ्लॅटमध्ये फणसे आणि पद्माबाई सोफ्याच्या कडेला टेकून बसले होते; तिकडे पुण्यात सौमित्रचे वडील श्रीपतराव आणि आई मोहनाताई. बायकांनी बडोद्याची गरमी आणि पुण्याची रहदारी हे विषय झटपट उरकले. मग पुरुषांची पाळी आली. श्रीपतराव परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे ताठ बसलेले, आणि त्यांच्या मागे काचेच्या कपाटांत बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या रांगाच रांगा. कोणी काही बोलेना. फणशांनी घाईघाईने कपाटांकडे बोट दाखवलं.

"वा! सैनिक!" ते म्हणाले. "हा शौक मलाही आहे."

श्रीपतराव एकदम पडद्याजवळ सरकले. आता तिथे फक्त त्यांचं कपाळ आणि चष्मा दिसत होता.

"अस्सं? कोणता काळ?"

"मराठे," फणसे म्हणाले. मराठी माणसाला दुसरं काय सुचणार?

"उत्तम! आम्ही दसऱ्यानंतरच्या रविवारी बडोद्याला येतोच आहोत. मी इंग्रज आणि राघोबादादांचे मराठे आणतो. तुम्ही हरिपंत फडक्यांचं आणि फत्तेसिंगरावांचं सैन्य काढून ठेवा. अडासची लढाई लढू. तुमच्या घराजवळचीच आहे."

अडास हे आणंदच्या वाटेवरचं एक स्टेशन आहे आणि तिथे आपली गाडी थांबत नाही, एवढंच फणशांना ठाऊक होतं. तिथे सतराशे पंचाहत्तर साली मराठे मराठ्यांशीच लढले, राघोबादादांच्या बाजूला इंग्रज होते, समोर पुणे दरबाराचे सेनापती हरिपंत फडके होते आणि दोन गायकवाड बंधू दोन वेगवेगळ्या बाजूंना होते, हे त्यांना मागाहून कळलं. तूर्तास त्यांनी "हो हो, अडासच," असं म्हणून मान हलवली.

हे मान हलवणं म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. हा खेळ पोरांचा नाही. इतिहासातली लढाई टेबलावर मांडायची, प्रत्येकाने आपापलं सैन्य निवडायचं, एकेक सैनिक स्वतः रंगवायचा, आणि मग फासे टाकून आणि टेपने अंतर मोजून ती लढाई पुन्हा लढायची. त्यात डगल्याचा रंग चुकला म्हणून पन्नाशीतली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

"बाबा, तुम्ही हे काय बोलून बसलात?" कॉल संपताच देवश्री आतून आली. तिचा चेहरा उतरला होता. "सौमित्र मला सतरा वेळा सांगतो, त्याच्या बाबांना सगळं चालतं, फक्त थाप चालत नाही. त्यांचा एक जवळचा मित्र होता. दुसऱ्याकडून रंगवून घेतलेले सैनिक मीच रंगवलेत म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या घरची पायरी चढले नाहीत ते."

"मग फोन करून खरं सांगून टाकतो."

"पहिल्याच दिवशी? मुलीचा बाप थापाड्या निघाला म्हणून?"

"सैन्य उभं करा आता," पद्माबाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवत आणि एकदा निकाल दिला की बदलत नसत.

सैन्य उभं करायचं म्हणजे आधी निवडायचं, आणि इथे फणशांची झोप उडाली. मराठे आपल्याकडे मिळत नाहीत. मराठे विलायतेत मिळतात! तिथल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर ते ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसू लागले. रोमन निघत, नेपोलियनचे फ्रेंच निघत, आणि खूप खाली गेल्यावर 'हिंदुस्तानी' नावाखाली सगळे एकत्र कोंबलेले असत. एकाची पगडी मराठ्याची म्हणावी तर दाढी रोहिल्याची. एक भालाईत उघड्या अंगाचा होता आणि त्याचं पोट पाहून तो कोणत्याही फौजेतला वाटत नव्हता. हा घ्यावा तर चुकेल, तो घ्यावा तर चुकेल, आणि चुकलं की लेकीचं लग्न मोडेल. कारखान्यात धोका मोजायला त्यांच्याकडे तक्ता असे. इथे कसला तक्ता?

अशा वेळी माणसाने शेजाऱ्यांना विचारू नये. फणशांनी विचारलं नव्हतंच. पद्माबाईंनी खाली भाजी घेताना नुसता उल्लेख केला, तेवढं पुरलं. संध्याकाळी तळमजल्यावरचे पिलाजीराव वर आले. पिलाजीरावांचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते आणि त्यामुळे अजूनही ते सोसायटीच्या सभेत उभं राहूनच बोलत.

"फणसे, अडासला आमचे खापरपणजोबा होते हं," ते म्हणाले. खापरपणजोबा म्हणजे नेमके किती मागचे हे त्यांनाही सांगता येत नसे. "फत्तेसिंगरावांच्या बाजूने. पांढरा घोडा. तो घोडा तर पाहिजे ज." पिलाजीरावांच्या मराठीत 'च'च्या जागी गुजराती 'ज' येई.

"पण पिलाजीराव, इथे घोडे तांबडे, काळे..."

"पांढरा ज! नाहीतर आमचं नाव कशाला घेता?"

त्यांचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. पण ज्येष्ठ माणूस, वर चहा पिऊन बसलेला. फणशांनी पांढरा घोडा कबूल केला. मग पिलाजीरावांनी फणशांनी निवडलेले पडद्यावरचे अरब पाहिले आणि हे कशाला म्हणून विचारलं. गायकवाडांच्या पदरी अरब शिबंदी असे, असं फणशांनी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. शिवाय अरबांचे झगे पांढरे, म्हणजे रंगवायला सोपे. हे दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही. पिलाजीराव मात्र "अरबांना जागा आहे आणि आमच्या माणसांना एक ज घोडा" असं पुटपुटत खाली गेले आणि दोन दिवस लिफ्टमध्ये बोलले नाहीत.

शेवटी मापाचा प्रश्न आला. एकाच किमतीच्या दोन पेट्या होत्या. एका पेटीवर अठ्ठावीस मिलिमीटर लिहिलेलं, दुसरीवर पंधरा. पंधराच्या पेटीत सैनिक कितीतरी जास्त होते. आता, तेवढ्याच पैशांत जास्त माणसं मिळत असताना कमी माणसं घेणारा मध्यमवर्गीय जन्माला यायचा आहे. फणशांनी पंधरा निवडले आणि आपण सेनापती म्हणून एक शहाणपणाचा निर्णय घेतला, असं समाधान त्यांना त्या महिन्यात एकदाच वाटलं.

पार्सल निघालं आणि अडकलं. ज्या कचेरीत अडकलं तिचं नाव घेत नाही. तिथली माणसं आपलं काम करत होती. फणसे रजा टाकून अहमदाबादला गेले. समोर एक तरुण अधिकारी बसला होता.

"यामध्ये काय आहे, अंकल? खेळणी?"

"नाही, नाही. खेळणी नव्हेत."

"खेळणी असतील तर गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागेल."

"म्हणूनच म्हणतो, खेळणी नव्हेत. सैनिक आहेत."

अधिकाऱ्याने मान वर केली. "हत्यारं आहेत?"

"आहेत," फणसे म्हणाले. सुरक्षा विभागातल्या माणसाला माहिती लपवता येत नाही. "तलवारी, भाले, थोड्या बंदुका. पण अर्ध्या नखाएवढ्या."

"धातूच्या?"

"धातूच्या."

अधिकारी उठून आत गेला आणि आणखी दोघांना घेऊन आला. मग तिघांत चर्चा झाली. खेळणी म्हणावीत तर प्रमाणपत्र नाही. खेळणी न म्हणावीत तर हत्यारं. जुन्या काळचे आहेत म्हटलं तर पुरातन मूर्तींचं वेगळंच खातं. एकाने सहानुभूतीने विचारलं, "नातवासाठी आहेत का, काका?" फणशांना नातू नव्हता, आणि ही लढाई बिघडली तर होण्याचाही संभव नव्हता. ते म्हणाले, "माझ्यासाठी." यावर त्यांना लगेच बसायला खुर्ची देण्यात आली. एवढा अपमान खुर्ची न देऊनही झाला नसता.

घरी आल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई भेटले. "अरे लक्ष्मीकांतभाई, एमां शुं टेन्शन लेवानुं! आपणी ओळखाण छे," ते म्हणाले. किरीटभाईंची ओळख नाही असं खातं गुजरातेत नाही. त्यांनी कोणाला तरी फोन लावला, मुलीच्या लग्नाची गोष्ट आहे म्हणून सांगितलं, आणि हरिपंत फडक्यांचं सैन्य 'शोभेच्या किरकोळ वस्तू' या नावाखाली बडोद्यात दाखल झालं.

पेटी उघडली आणि फणशांनी एक सैनिक चिमटीत उचलला. सैनिक शेंगदाण्याएवढे होते. त्याच सकाळी श्रीपतरावांनी आपल्या इंग्रजांचा फोटो पाठवला होता, शेजारी अंदाजासाठी आगपेटी. इंग्रज जवळजवळ आगपेटीच्या उंचीचे. आपले मराठे त्यांच्या कमरेला लागणार!

"लांबून लहानच दिसतात," पद्माबाई म्हणाल्या. "टेबलाच्या त्या टोकाला ठेवा."

"आणि लढाई सुरू झाल्यावर? ते जवळ येणार ना?"

देवश्रीने एक घोडेस्वार उचलून तळहातावर ठेवला आणि पाहत राहिली. "बाबा, याला तर डोळेपण आहेत हो," ती म्हणाली. फणशांनी त्याच क्षणी ठरवलं, की काय वाटेल ते होवो, हे सैन्य रंगवायचं.

रंगाचा डबा किरीटभाईंनी आणून दिला. सोसायटीच्या देवळाच्या खांबांना लावून उरलेला केशरी ऑईल पेंट होता. फणशांना तो चटकन पटला, कारण लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवलेल्या एकूण एक मावळ्यांची पगडी केशरीच असायची. त्यांनी सगळ्या फौजेला केशरी पगड्या घातल्या. अरबांनाही घातल्या. देवश्री ऑफिसातून आली की घोड्यांच्या शेपट्या रंगवायला बसे. ऑईल पेंट लोखंडी खांबावर वाळतो. शेंगदाण्याएवढ्या डोक्यावर तो का वाळत नव्हता, हे कोडं काही सुटलं नाही. पंखा लावला, उन्हात ठेवले, पद्माबाईंचा केस वाळवायचा ड्रायर लावला, त्यात दोन भालाईत उडून सोफ्याखाली गेले. जेवणाच्या टेबलावर रणभूमी असल्याने घर जमिनीवर जेवत होतं.

रविवारी सकाळी पिलाजीराव धोतर नेसून आले. हातात जुनी पत्र्याची पेटी. त्यातून त्यांनी कापसात गुंडाळलेली मातीची मूर्ती काढली. सिंहासनावर बसलेले महाराज, दिवाळीच्या किल्ल्यावर सगळ्यात वर ठेवतात तसे, वीतभर उंच. त्यांनी ती टेबलाच्या मधोमध ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं आणि नमस्कार केला.

"पिलाजीराव," फणसे कळवळून म्हणाले, "ही लढाई महाराजांच्या नंतरची हो. जवळजवळ शंभर वर्षं नंतरची!"

"मग काय झालं? महाराजांशिवाय आपला किल्ला असतो का?"

"हा किल्ला नव्हे, ही..."

"उचला मग तुम्ही. मी नाही उचलणार."

फणशांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मांडलेले, फूल वाहिलेले महाराज कोण उचलणार? पद्माबाईंनी नकार दिला. देवश्रीने नकार दिला. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. पुण्याहून श्रीपतराव आणि मोहनाताई आले होते.

चहापाणी झालं, पण श्रीपतरावांचं लक्ष नव्हतं. लढाईचं टेबल होतं त्या बंद खोलीकडे ते सारखे पाहत होते. शेवटी फणशांनी दार उघडलं. श्रीपतराव आत गेले, सिंहासन पाहून थबकले, आणि आधी हात जोडले. मग खिशातून भिंग काढलं. श्रीपतराव केशरी पगड्यांच्या त्या चिमुकल्या फौजेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. त्यांनी एक अरब उचलला, भिंगाखाली धरला, परत ठेवला. मग आपला अंगठा पाहिला. अंगठा केशरी झाला होता.

आता संपलं, फणशांना वाटलं. पण अंगठा रुमालाला पुसून श्रीपतरावांनी आपली पेटी उघडली आणि सैन्य मांडायला घेतलं. तांबडे इंग्रज एका बाजूला उभे राहिले, भिंतीसारखे. मग त्यांनी राघोबादादांचे मराठे हातात घेतले आणि इंग्रजांच्या शेजारी ठेवायला वाकले. तिथून समोर महाराज दिसत होते. श्रीपतराव तसेच वाकून राहिले.

"हे मला जमायचं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"महाराजांच्या डोळ्यांदेखत मराठे इंग्रजांकडून उभे करायचे? नाही बुवा." आणि त्यांनी आपले सगळे मराठे उचलून फणशांच्या बाजूला नेऊन ठेवले. थोरल्यांच्या मध्ये धाकटे उभे राहिल्यासारखी ती मिश्र फौज दिसू लागली. पिलाजीरावांना गहिवरून आलं.

"पण मग इंग्रज कोण?" फणशांनी विचारलं.

दोन्ही घरांतला कोणीच इंग्रज व्हायला तयार होईना. पिलाजीरावांना विचारायचं धाडस कोणी केलं नाही. तेव्हा दारात किरीटभाई उभे होते. पाहुण्यांसाठी गरम फाफडा घेऊन आले होते.

"मने शुं वांधो होय!" ते म्हणाले. इंग्रज व्हायला त्यांची काहीच हरकत नव्हती. फाफडा ठेवून ते इंग्रजांमागे जाऊन बसले.

किरीटभाईंना नियम ठाऊक नव्हते, इतिहास ठाऊक नव्हता, आणि फासे टाकताना ते फोनवर कोणाशी तरी बोलत होते. पण फासा त्यांच्या हातून सहाच्या खाली पडेना. त्यांनी आधी अरब कापले, मग हरिपंत फडक्यांना मागे रेटलं. फणसे आणि श्रीपतराव डोक्याला डोकं लावून कुजबुजत मसलती करू लागले. डावीकडून घोडदळ घालावं की तोफा पुढे काढाव्यात, यावर दोघांचा एकदा वादही झाला. पांढरा घोडा पडला तेव्हा पिलाजीराव पाणी प्यायला उठून गेले. "मारा माणसो मोटा छे ने!" म्हणजे आपली माणसं मोठी पडली ना, असं समजावत किरीटभाईंनी ऊन उतरायच्या आत दोन्ही व्याह्यांचा साफ पराभव केला आणि सोसायटीची मीटिंग आहे म्हणून निघून गेले.

एवढा वेळ श्रीपतराव अंगठ्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. हसले होते, ओरडले होते, एकदा तर फणशांच्या पाठीवर थापही मारली होती. पण ते विसरले नसणार, हे फणशांना पक्कं ठाऊक होतं. निघताना बायका स्वयंपाकघरात बडोद्याचा खास लीलो चेवडो बांधून देण्यात गुंतल्या, आणि लिफ्टपाशी दोघेच उभे राहिले.

"फणसे, खरं सांगा," श्रीपतराव म्हणाले. "हा शौक तुम्हाला कधीपासून?"

फणशांनी जिन्याकडे पाहिलं. पळून जाण्यासारखं वय राहिलं नव्हतं.

"तुमचा पहिला कॉल आला तेव्हापासून," ते म्हणाले. "त्याआधी सैनिक हातात धरला नव्हता. थाप मारली मी. देवश्रीचा यात काही दोष नाही हो, तिने तर त्याच दिवशी मला... जो राग धरायचा तो माझ्यावर धरा."

लिफ्ट आली, उघडली, बंद झाली आणि तशीच वर निघून गेली.

"माझी कपाटं पाहिलीत ना तुम्ही?" श्रीपतराव हळूच म्हणाले. "सौमित्र लहानपणी एकदा खेळला, मग अभ्यास आहे म्हणाला. हिला त्यांच्यावरची धूळ तेवढी माहीत. एक मित्र होता, त्याच्याशी मीच तोडलं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी दोन्ही बाजू मीच लढतो. इंग्रज मीच, मराठेही मीच." केशरी अंगठ्याने त्यांनी चष्मा वर सरकवला. "माझ्याशी खेळायला मिळावं म्हणून आजवर कोणी खोटंसुद्धा बोललं नव्हतं हो."

फणशांचे डोळे भरून आले. ते काही म्हणणार तोच आतून पद्माबाई आणि मोहनाताई पिशव्या घेऊन बाहेर आल्या, मागून देवश्री. तिघींनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"अहो, काय झालं?" पद्माबाईंनी भीतभीतच विचारलं.

"झालं काय, साखरपुडा ठरला," श्रीपतराव म्हणाले. "दिवाळीनंतर, इथेच बडोद्याला. आम्ही दोन दिवस आधी येऊ. तोवर ते टेबल तेवढं आवरू नका."